पगार हातात, पासबुक कुणाच्या कपाटात?

लेखमाला : कमाई आणि जमाखर्च (भाग सातवा)

शंभराची नोट 142 मिलिमीटर लांब. दोनशेची 146, पाचशेची 150. रुंदी तिन्ही नोटांची सारखीच, 66 मिलिमीटर. म्हणजे शंभर आणि दोनशे यांत फरक चार मिलिमीटरचा, दोनशे आणि पाचशे यांतही चारचाच. जुन्या मालिकेत शंभराची नोट 157 मिलिमीटर होती आणि पाचशेची 167. तेव्हा बोटाला कळेल असा एक सेंटिमीटरचा फरक होता. डोळस माणसाने हे कधी मोजलेलं नसतं, कारण त्याला रंग दिसतो. नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवाळीच्या गर्दीत काउंटरवर बसलेल्या दृष्टिहीन माणसाला मात्र ते दर दोन मिनिटांनी मोजावं लागतं.

त्यासाठी नोटेवर उठावाच्या खुणा आहेत. शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ, कडेला तिरप्या रेघा. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. चार महिने बाजारात फिरलेल्या, घामाने मऊ झालेल्या नोटेवर त्या शोधाव्या लागतात. म्हणून बरेच दृष्टिहीन लोक स्वतःची घडीची पद्धत ठरवतात : शंभराची नोट सरळ, दोनशेची आडवी दुमडलेली, पाचशेची उभी. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 रोजी ‘मणी’ नावाचं मोबाईल अॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. समोर रांग असताना प्रत्येक नोट मोबाईलपुढे धरायला किती ग्राहक थांबतात, हा प्रश्न वेगळाच.

या लेखमालेत आतापर्यंत पगार, उधारी, भिशी, विमा असे विषय येऊन गेले. ते सगळे लिहिताना डोळ्यांसमोर एक सरासरी कमावता माणूस होता : दिसणारा, ऐकणारा, जिना चढणारा, फॉर्मवर स्वतः सही करणारा. ‘पगाराचा इतका हिस्सा वाचवा, इतका गुंतवा’ हा सल्ला त्याच्या मापाने शिवलेला आहे. अपंगत्व असलेल्या कमावत्या माणसाच्या अंगावर तो तसाच चढवला तर कुठे सैल होतो, कुठे उसवतो. या भागात त्याच्यासाठी वेगळं माप घ्यायचं आहे.

आधी आकडा. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले सुमारे 29 लाख 63 हजार महाराष्ट्रात. देशभरच्या दिव्यांगांपैकी कामात असलेले साधारण 36 टक्के. पुरुषांत हे प्रमाण 47 टक्के, स्त्रियांत फक्त 23. तेव्हा कायद्याच्या यादीत सातच प्रकारची अपंगत्वं होती. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि यादी 21 वर गेली. बरे झालेले कुष्ठरुग्ण, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, सिकलसेलचे रुग्ण हे सगळे त्यात आहेत. सिकलसेल म्हटल्यावर विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. इथे तो आजार घराघरांत ठाऊक आहे, आणि महिन्यातून चार दिवस दुखण्याने झोपून काढणाऱ्या कामगाराचा पगार कसा कापला जातो हेही.

आता हिशेबाकडे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी अपंगत्वामुळे होणारं नुकसान दोन ठिकाणी दाखवलं आहे. एक कमावताना : काम कमी मिळतं, मिळालं तर मोबदला कमी. दुसरं खर्च करताना : तोच रुपया दिव्यांग माणसाच्या हातात कमी काम करतो. जिथे इतर लोक चालत जातात तिथे त्याला रिक्षा लागते. पायाला कॅलिपर, कानाला यंत्र, यंत्राला बॅटरी, सोबतीला माणूस. ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचा दाखला सेन यांनी दिला आहे. घरात दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबांतले 23.1 टक्के लोक उत्पन्नाच्या हिशेबाने गरिबीरेषेखाली होते. अपंगत्वाचा जादा खर्च त्यात धरला, तेव्हा हेच प्रमाण 47.4 टक्के झालं. म्हणजे कागदावर जे बरे दिसत होते त्यांतलेही कितीतरी जण गरीबच होते. त्यांच्या गरिबीला रकाना नव्हता, एवढंच.

अशा माणसाला पैशांचा सल्ला देणारा कोण लागेल? पॉलिसी विकणारा एजंट नक्कीच नाही. परदेशात ज्याला फायनान्शियल कोच म्हणतात तो शेजारी बसून वही उघडतो, काही विकत नाही, महिन्या दोन महिन्यांनी पुन्हा भेटतो आणि मागच्या वेळी ठरलेलं झालं का, हे विचारतो. आपल्याकडे याला आर्थिक मार्गदर्शक म्हणता येईल. पूर्वी गावात एखादे गुरुजी किंवा पोस्टमास्तर हे काम आपसूक करत असत.

या मार्गदर्शकाने पहिल्या बैठकीत काय करावं, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, आकडे नियमांतले आहेत.

समजा, नागपूरजवळच्या हिंगणा भागातला पंचविशीचा तरुण. पोलिओने एक पाय गेलेला, प्रमाणपत्रावर 60 टक्के अपंगत्व. घरचं उत्पन्न कमी, म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला पैसे मिळतात. ही रक्कम पूर्वी महिना 1,500 रुपये होती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ती 2,500 केली. त्याला सीताबर्डीतल्या एका मोठ्या दुकानात बिलिंगचं काम मिळतं, पगार 15,000 रुपये. घरात पेढे वाटले जातात. हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

तो असा. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातील. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, 113. हातात 13,087. घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत ई-रिक्षा, पुढे मेट्रो, बर्डीला उतरून गर्दीतून दुकानापर्यंत पुन्हा काहीतरी वाहन. जाऊन येऊन दिवसाला 120 रुपये धरले तर 26 दिवसांचे 3,120. उरले 9,967. आणि निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला 50,000 रुपये, म्हणजे महिन्याला 4,166. पंधरा हजारांची नोकरी लागली की ते 2,500 बंद. मग नोकरीने घरात खरी भर पडली 7,467 रुपयांची. पगार पंधरा हजारांचा, वाढ त्याच्या निम्मी.

इथे घरातली मंडळी एक तोडगा सुचवतात, आणि कधी कधी मालकही : पगार रोखीत घे, कागदावर दाखवू नको, म्हणजे अनुदानही चालू राहील. हा तोडगा फार घरांत चालतो आणि तो वाईट आहे. खोटं उत्पन्न दाखवल्याचा धोका तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. कागदावर नोकरी नाही म्हणजे पीएफ नाही. त्याच्या 1,800 मध्ये मालकाचे 1,800 दरमहा मिळतात, त्यांतले 1,250 पेन्शन योजनेत जातात. कागदावर नोकरी नाही म्हणजे ईएसआयसी नाही. त्यात घरच्यांसकट दवाखाना आहे, आजारपणाच्या रजेत पगाराचे 70 टक्के आहेत, कामावर अपघात झाला तर तात्पुरत्या अपंगत्वात 90 टक्के आहेत. ज्याचं शरीर आधीच एका बाजूला जास्त भार घेतं त्याला हे सोडून देणं परवडणारं नाही. अडीच हजार वाचवण्यासाठी महिन्याचे 3,600 आणि दवाखाना घालवायचा, हा सौदा बर्डीच्या कुठल्याही व्यापाऱ्याने केला नसता.

तरीही घरच्यांची भीती खोटी नाही. नोकरी चार महिन्यांत सुटली तर? अनुदानाचा अर्ज पुन्हा करायचा, उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढायचा, समितीच्या मंजुरीची वाट पाहायची. तोवर घर कशावर चालणार? म्हणून दिव्यांग कमावत्याने पहिल्या वर्षी गुंतवणुकीची कुठलीही पॉलिसी, कुठलीही एसआयपी सुरू करू नये. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत उभा करावा. इतरांना तीन महिन्यांची शिल्लक सांगतात. इथे दुप्पट हवी, कारण पडल्यावर उठायला वेळ दुप्पट लागतो.

कमवलं की मदत तुटते, ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत एसएसआय नावाची सरकारी मदत घेणाऱ्या एकट्या दिव्यांग माणसाच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त बचत असता कामा नये, आणि ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. बचत केली की शिक्षा, असा तो नियम. त्यावर तिथल्या संसदेने 2014 मध्ये ‘एबल’ नावाची खाती काढली. त्यात ठेवलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत मोजली जात नाही. आपल्याकडे असं खातं नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग मुलांबाबत मात्र 2021 मध्ये एक चांगला बदल झाला. आईवडिलांमागे त्यांना आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण पूर्वी स्वतःची जेमतेम कमाई झाली तरी ते बंद व्हायचं. आता मृत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आणि त्यावरचा महागाई दिलासा, इथपर्यंत कमाई चालते. नागपुरात केंद्राची कार्यालयं ढिगाने आहेत. रेल्वे, टपाल, खाण खात्यांतून निवृत्त झालेल्यांच्या कितीतरी घरांत ‘मुलाला नोकरी नको लावू, पेन्शन जाईल’ हे वाक्य आजही बोललं जातं. त्या घरांनी हा बदल वाचायला हवा.

संजय गांधी योजनेतही अशीच पायरी करता येईल. कमाई 50,000 च्या वर गेली की अनुदान एकदम शून्यावर आणण्याऐवजी दोन वर्षांत हळूहळू कमी करावं. हे धोरणाचं काम आहे आणि ते विधिमंडळात व्हायला हवं. डिसेंबरात अधिवेशन नागपुरातच भरतं, बर्डीपासून हाकेच्या अंतरावर.

आता करांचं. दिव्यांग नोकरदाराला सर्वाधिक चुकीचा सल्ला इथेच मिळतो. ‘80 यू’ नावाने ओळखली जाणारी वजावट सगळ्यांना ऐकून माहीत असते : 40 टक्के अपंगत्वाला 75,000 रुपये, 80 टक्के किंवा अधिक असेल तर 1,25,000. पण ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत 2025-26 या वर्षापासून पगारदाराचं 12 लाख 75 हजारांपर्यंतचं उत्पन्न करमुक्तच आहे. मग महिना चाळीस हजार मिळवणाऱ्या दिव्यांग लिपिकाला ‘कर वाचवा’ म्हणून पॉलिसी गळ्यात बांधण्यात काय अर्थ? जो कर लागणारच नाही तो वाचवायचा कसा? मार्च महिन्यात अशा पॉलिसी विकल्या जातात आणि पुढची पंधरा वर्षं हप्ते जात राहतात. हप्ता थकला की आधी भरलेल्यातलाही काही भाग बुडतो.

याउलट जे खरोखर मिळण्यासारखं आहे त्याची कुणी जाहिरात करत नाही, कारण त्यात कुणाला कमिशन नाही. महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला 2,500 रुपये. 40 टक्के किंवा जास्त कायम अपंगत्व असलेल्या व्यक्तीला तो माफ आहे, आणि अशा मुलाच्या पालकालाही. प्रमाणपत्राची प्रत हिशेबनिसाकडे दिली की काम झालं. दृष्टिहीन, मूकबधिर किंवा पायाने अधू कर्मचाऱ्याला मालकाने प्रवासभत्ता दिला तर तो ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त, नव्या करपद्धतीतही. ईएसआयसीची पगारमर्यादा इतरांना 21,000 आहे, दिव्यांगाला 25,000. म्हणजे 23,000 पगार असलेला दिव्यांग कर्मचारी ईएसआयसीत बसतो आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचा बसत नाही. हे त्या दुकानाच्या हिशेबनिसालाही अनेकदा माहीत नसतं.

आरोग्य विम्यात तर वर्षानुवर्षं दारच बंद होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये विमा नियामकाने सर्व सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं. हप्ता जड असतो, प्रतीक्षाकाळ असतो, पण ‘तुमचा विमा होत नाही’ हे उत्तर आता चालत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आणि वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देणारी सुरक्षा विमा योजना प्रत्येकाच्या खात्याला जोडलेली असायलाच हवी. वीस रुपयांत बर्डीत आज धड कटिंग चहाही दोघांचा होत नाही.

पण हे सगळं पुढचं. त्याआधीचा प्रश्न शीर्षकात आहे.

दिव्यांग माणसाचं बँकेचं काम बऱ्याचदा घरातलं दुसरं कुणीतरी करतं. सुरुवात सोयीने होते : तुला कशाला रांगेत उभं करायचं, मी काढून आणतो. मग एटीएम कार्ड भावाच्या पाकिटात राहतं, पिन वहिनीला ठाऊक असतो, पासबुक वडिलांच्या कपाटात. मोबाईल नंबर खात्याला जोडलेला असतो तोही दुसऱ्याचाच, त्यामुळे पैसे गेल्याचा मेसेजही दुसऱ्यालाच येतो. पगार ज्याचा त्याला शिल्लक माहीत नसते. यात दर वेळी फसवणूक असते असं मुळीच नाही. बहुतेक घरांत माया असते. पण ज्याला आपली शिल्लक माहीत नाही त्याला कुठलंही आर्थिक मार्गदर्शन उपयोगाचं नाही. स्त्रीच्या बाबतीत हे अधिकच तीव्र होतं. दिव्यांग मुलीचा पगार ‘तिच्यासाठीच ठेवलाय’ म्हणून घरात मुरतो आणि भावाच्या लग्नानंतर त्याचा माग लागत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. 2016 च्या कायद्याच्या तेराव्या कलमात दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार चालवण्याचा, कर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे. त्यातच पुढे म्हटलं आहे की मदत करणाऱ्याचे आणि त्या व्यक्तीचे हितसंबंध जिथे एकमेकांच्या आड येतात, तिथे मदतनिसाने त्या व्यवहारातून बाजूला व्हावं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 च्या परिपत्रकात बजावलं आहे : चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांतलं काहीही केवळ दिसत नाही म्हणून नाकारायचं नाही. या परिपत्रकाची छापील प्रत खिशात ठेवून शाखेत जाणारे लोक आहेत. काउंटरवर ‘सोबत कुणी आहे का?’ असं विचारलं गेलं की ती प्रत बाहेर येते.

डिजिटल बँकिंगने अर्धं दार उघडलं, अर्धं लावून घेतलं. यूपीआयचा बोलका डबा दृष्टिहीन दुकानदारासाठी वरदान आहे. दोनशे आले की दोनशे म्हणतो, चार मिलिमीटरचा प्रश्नच मिटला. पण खातं उघडताना मोबाईलने ‘डोळे मिचकावा’ म्हटलं तर ज्यांना ते जमत नाही त्यांनी काय करायचं? ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून न्यायालयाने केवायसीबाबत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याबाबत, वीस निर्देश दिले. बोटांच्या ठशांचं दुखणं विदर्भाला अधिक जवळचं. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करायला घेतलं तेव्हाच्या भांडवलाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये. दान न घेता काम करून जगता येतं, हे बोटं झडलेल्या माणसांनी तिथे करून दाखवलं. आज तशा हातांच्या माणसाला अंगठा लावून पैसे काढायला सांगितलं जातं आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. आधारमध्ये अशांसाठी बुबुळ आणि चेहऱ्याची सोय आहे. शाखेतल्या माणसाने ती वापरायची तयारी दाखवायला हवी.

पासबुक परत मिळवणं म्हणजे घरात भांडण करणं नव्हे. मार्गदर्शकाने सुरुवात छोटी करावी. खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिल्लक मोठ्याने वाचायची, घरातल्या सगळ्यांसमोर. मदत भावानेच करावी, पण पिन स्वतः टाकायचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या कमावत्यांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. तिथे राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. पण त्यांनाही पगारातले पाचशे रुपये दर आठवड्याला स्वतःच्या हाताने खर्च करू द्यावेत. पैसा वापरून कळतो.

नॉमिनीचंही एकदा तपासून घ्यावं. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. नॉमिनी हा मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा विश्वस्त आहे; मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. दिव्यांग मुलासाठी पैसे ठेवून गेलेल्या आईबापांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्या पैशांवर पहिला हात कुणाचा पडतो, हे वकिलांना विचारा.

धंदा करणाऱ्यांबद्दलही थोडं बोलायला हवं. नव्वदच्या दशकात एसटीडी-पीसीओचे बूथ दिव्यांगांना प्राधान्याने दिले जात. पिवळ्या रंगाचे ते बूथ बर्डीत, स्टेशनवर, दवाखान्यांच्या दारात होते, आणि त्यांवर कितीतरी घरं उभी राहिली. मग मोबाईल आला आणि दहा वर्षांत ते सगळं संपलं. दोष कुणाचा नव्हता. पण एकाच धंद्यावर, एकाच परवान्यावर बसवलेल्या माणसाला दुसरं काही शिकवण्याची जबाबदारी कुणीच घेतली नव्हती. आज दिव्यांग महामंडळांची कर्जं आहेत, फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजनेचा पहिला हप्ता 15,000 रुपयांचा आहे. कर्ज देताना पुढच्या पाच वर्षांचा विचार कागदावर मांडून द्यायला हवा. बर्डीच्या मुख्य रस्त्यावरच्या फेरीवाल्यांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलेलं आहे. हातगाडीची जागा उद्या हलली तर व्हीलचेअरवरच्या विक्रेत्याला नवी जागा शोधणं किती कठीण जाईल, हे कर्जाच्या अर्जात कुठे लिहिलेलं नसतं.

आता पुन्हा बर्डीत येऊ. सीताबर्डी हे मेट्रोच्या दोन्ही मार्गांचं अदलाबदलीचं स्टेशन आहे. खापरीकडून आलेला आणि हिंगण्याकडून आलेला प्रवासी इथे भेटतो, लिफ्ट आहे, पायाला जाणवणाऱ्या पट्ट्या आहेत. संविधान चौकात रिझर्व्ह बँक आहे. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालय आणि महापालिका, दीक्षाभूमीच्या रस्त्यावर सामाजिक न्याय भवन. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये सुरू केलेला मातृसेवा संघ बर्डीतच आहे. सरकार, बँक, समाजसेवा असं सगळं दोन-तीन किलोमीटरच्या परिघात. पण दिव्यांग माणसाला प्रमाणपत्र एका ठिकाणी, अनुदान दुसऱ्या ठिकाणी, बँक तिसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फेरीला रिक्षा, प्रत्येक फेरीला अर्धा दिवस, अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शनाखाली आर्थिक साक्षरता केंद्रं चालतात. त्यांच्या खास शिबिरांसाठी पाच गट ठरवले गेले : शेतकरी, छोटे उद्योजक, शाळकरी मुलं, बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक. दिव्यांग कमावते हा सहावा गट त्यात नाही. तो असायला हवा, आणि त्याची पहिली बैठक सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनच्या आवारात, रविवारी सकाळी भरायला हवी. एक टेबल, एक सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती, एक हिशेब समजणारा निवृत्त बँक कर्मचारी आणि काहीही विकायला मनाई. नागपुरात निवृत्त बँकवाल्यांची वाण नाही. त्यांच्यापैकी दहा जणांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी काम सुरू होईल.

आणि बर्डीतल्या, धरमपेठेतल्या, इतवारीतल्या दुकानमालकांना एक विनंती. तुमच्याकडे दिव्यांग कर्मचारी असेल तर या महिन्याचं पगारपत्रक काढून बघा. त्याच्या नावापुढे व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले असतील, तर त्याच्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि पुढच्या महिन्यापासून ती कपात थांबवा.